साळुंकेबाईंची डावी बाजू

साळुंकेबाई गाडी शिकवताना कधी ओरडल्या नाहीत. मी त्यांच्याकडं शिकायला बसले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. पहिल्याच आठवड्यात क्रांती चौकात गाडी तीनदा बंद पडली, मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न धरून ठेवले आणि माझ्या हातांना असा घाम सुटला की किल्ली फिरेना. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी शेजारी बघितलं. बाई खांद्यावरची पिन काढून पदर पुन्हा नीट लावत होत्या. ते झाल्यावर म्हणाल्या, "त्यांच्याजवळ हॉर्न हाय, ते वाजवणार. तुझ्याजवळ किल्ली हाय, तू फिरव."

गाडी सुरू झाली.

मी बँकेत नोकरीला. बदली होऊन औरंगाबादला आले, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, आणि उस्मानपुऱ्यात बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. सात वर्षं राहिले. खाली बाई आणि त्यांचे यजमान. त्यांना सगळी गल्ली काका म्हणायची. मूलबाळ नव्हतं. फाटकावर पत्र्याची पाटी होती, 'महिलांसाठी मोटार शिकवणी', आणि आत उभी असायची एक पांढरी छोटी गाडी. तिच्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे डावीकडं, आणखी एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला होता. त्या डाव्या सीटवर बाई वीस-बावीस वर्षं बसल्या होत्या. शाळेतल्या शिक्षिका, नर्सा, गुलमंडीवरच्या दुकानदारांच्या सुना, एक निवृत्त न्यायाधीशबाईसुद्धा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

अंगानं बुटक्या आणि रुंद. सुती साडी, निऱ्या पिनांनी पक्क्या केलेल्या आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये लिपस्टिक-आरसा असलं काही नाही, पण पिनांचं एक पाकीट कायम. ओढणी, पदर, बुरखा, जे काही पेडलमध्ये अडकू शकेल ते त्या आधी पिनेनं बांधायच्या आणि मगच गाडीला हात लावू द्यायच्या. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्या बायकांना पाठ होतं, "आरसा बघितलास, का मला दाखवायला बघितलास?" नुसती मान वळवून चालायचं नाही. "मागं काय हाय?" असं लगेच विचारायच्या. "दुचाकी आहे" म्हटलं की "कोण बसलंय तिच्यावर?" एकदा मी अंदाजानं "माणूस" म्हणून ठोकून दिलं. बाई म्हणाल्या, "मागं पाण्याचा टँकर हाय, वसू. थांब बाजूला."

त्या स्वतः शिकल्या त्या ट्रॅक्टरवर. माहेर वैजापूरच्या बाजूला, कांदा आणि कापसाचं. वडिलांना कावीळ झाली त्या साली कांदा शेतात पडून होता, भाऊ लहान होता, म्हणून एकोणिसाव्या वर्षी बाईंनी ट्रॉली भरून स्वतः मार्केट यार्डात नेली. पुढं काकांच्या घरचे त्यांना बघायला आले. पोहे झाले. होणाऱ्या सासूबाईंनी रीतीप्रमाणं विचारलं, "काय काय येतं तुला?" बाईंनी खरं ते सांगितलं, "ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागं घेता येतो."

ज्याला ट्रॅक्टरची माहिती आहे त्याला कळेल की ट्रॉलीसकट मागं घेणं ही काय चीज आहे. पाहुणे मंडळी एकमेकांकडं बघू लागली. काका मात्र हसले. हे मला काकांनीच सांगितलं. काका सरकारी कचेरीत टंकलेखक होते आणि आयुष्यभर सायकलवर फिरले. बायको अख्ख्या शहराला गाडी शिकवते आणि नवरा सायकलवर, हा गल्लीतला चेष्टेचा विषय होता. बाई म्हणायच्या, "त्यांना मी नाय शिकवणार. घरात एकानं तरी माझ्या शेजारी गाडीत बिनघोर बसावं."

परवान्याच्या चाचणीआधी बाईंची स्वतःची एक चाचणी असायची. जुन्या मकाई दरवाजाखालून गाडी न्यायची. दरवाजाची कमान जुनी, अरुंद. समोरून कुणी येत असेल तर थांबायचं, मग एकट्यानं निघायचं. "दोन्ही आरसे शाबूत घेऊन बाहेर ये," एवढंच सांगायच्या. मी बाहेर आले, दोन्ही आरसे शाबूत. बाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली. सर्टिफिकेट म्हणाल तर तेच.

नसरीन त्यांच्याकडं आली तेव्हा मला तिथं राहून तीन-चार वर्षं झाली होती. तिशीची, शहागंजकडची, दोन मुलींची आई. नवरा आजारपणात गेलेला. मुलींच्या शाळेची व्हॅन चालवायला बाई मिळाली तर पालकांना हवीच आहे, असं तिला शाळेतल्या कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर ती शिकायला आली होती. हुशार होती, पण घाबरट. ब्रेकवर पाय ठेवला की उचलायचीच नाही.

"मेरे से नै होता, आपा," ती म्हणायची.

"कायकू नै होता? पाँव तेरा, बिरेक तेरा," बाई तिच्याशी दखनीत बोलायच्या, अगदी सहज. "कौन दुसरा आके दबाएगा क्या?"

एका सकाळी मला बँकेत सोडायचं म्हणून मी मागच्या सीटवर बसले होते. नसरीन चालवत होती, बाई तिच्या डावीकडं. औरंगपुऱ्याच्या अलीकडं एका बोळातून केळ्यांचा गाडा डाव्या बाजूनं रस्त्यावर आला. मला तो मागून दिसला. मी वाट बघत होते की बाईंचा पाय आता ब्रेकवर जाईल, कारण तो नेहमीच आमच्या आधी जायचा. गेला नाही. बाई समोर बघत शांत बसल्या होत्या. शेवटच्या क्षणी नसरीननंच करकचून ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. गाडा वीतभर अंतरावर होता. गाडेवाला काहीतरी पुटपुटत निघून गेला.

"गाडी कायकू रोकी?" बाईंनी विचारलं.

नसरीनचा पाय अजून ब्रेकवरच होता. "आपा, ठेला था ना."

"कौनसा ठेला?"

मग बाईंनी मान डावीकडं वळवली आणि पुढं चाललेला केळ्यांचा गाडा त्यांना दिसला. त्या बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "अच्छा रोकी." तिथून गाडी कडेला घ्यायला लावली, किल्ली काढून घेतली आणि आम्हाला दोघींना रिक्षात बसवलं. स्वतः आमच्या शेजारी, एका कोपऱ्यात बसल्या. गाडी संध्याकाळी एका ओळखीच्या ड्रायव्हरनं घरी आणून लावली.

मी बँकेतून आले तर बाई गच्चीवर माझी वाट बघत होत्या. म्हणाल्या, "मी त्या टाकीकडं बघत उभी राहते. तू माझ्या डाव्या अंगानं मागून पुढं चालत ये, हळूहळू. दिसलीस की सांगते."

मी चालत आले. त्यांच्या खांद्याला आले, खांद्याच्या पुढं गेले, त्यांच्या गालासमोर आले. बाई टाकीकडं बघत होत्या. मी जवळजवळ त्यांच्या नाकासमोर उभी राहिले तेव्हा म्हणाल्या, "आता." मग उजव्या बाजूनं यायला सांगितलं. तिकडून मी खांद्याच्याही मागं असतानाच त्यांना दिसले.

"डावी बाजू गेलीय," बाई म्हणाल्या. "मागल्या आठवड्यात मकाई दरवाज्याला आरसा घासला, तवा मी भिंतीला नावं ठेवली. आणि जेवताना काका ताट फिरवायलेत. म्हणायलेत, अर्धी भाजी का ठेवतीस? मला वाटलं, उगं चेष्टा करायलेत."

त्यांनी खाली येऊन पर्समधून वाहन परवाना काढला आणि काकांच्या हातात दिला. "हे तुमच्या पेटीत कुलूप लावून ठेवा. मी मागितलं तरी द्यायचं नाय."

अजून डॉक्टरकडं जायचं होतं, काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या क्षणापासून त्यांनी पुन्हा गाडी चालवली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं की डोळ्यांत काही दोष नाही, जे आहे ते मागं, मेंदूत आहे. मेंदूचा फोटो काढला. तीन ठिकाणी गाठी निघाल्या, सगळ्यांत मोठी उजवीकडं पाठीमागं, जिथून डाव्या बाजूचं दिसणं ठरतं. मग छातीचा फोटो काढला. उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला एक गाठ होती. तीच मूळ.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडं आम्ही तिघं गेलो. बाई, काका आणि मी. डॉक्टर सावकाश बोलणारे होते.

"मला खोकला नाय, धाप नाय," बाई म्हणाल्या. "महिन्यामागं मी दौलताबादचा किल्ला चढून आले. मग छातीत कुठून आलं हे?"

"फुफ्फुसाला आतून काही जाणवत नाही, बाई. गाठ गप्प बसून वाढते. तिथल्या पेशी रक्तातून डोक्यात गेल्या. त्रास तिथं आधी झाला म्हणून कळलं. पुष्कळांचं असंच कळतं."

"बरा व्हतो का?"

डॉक्टरांनी क्षणभर काकांकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडं बघून सांगा."

"पूर्ण बरा होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आटोक्यात ठेवता येतो. किती आणि कशानं, ते गाठीचा तुकडा तपासल्यावर सांगेन. तुमच्यासारख्या, कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांच्यात काही वेळा असा प्रकार निघतो ज्यावर रोजची एक गोळी चालते. निघेलच असं नाही."

"ठीक हाय. आता पुढं काय काय करायचं ते क्रमानं सांगा. काका लिहून घेतील."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. अक्षर टंकलेखकाचं, सरळ. सूज उतरायच्या गोळ्या, डोक्याला किरण, फुफ्फुसातून सुईनं तुकडा, तो मुंबईला, अहवालाला दोन-तीन आठवडे.

गल्लीत बातमी फिरली ती 'बाईंना डोक्याचा कॅन्सर' अशी. ते बाईंना चालायचं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या दुरुस्त करायच्या. समोरच्या घरातल्या आजींना काही केल्या समजेना, तेव्हा त्यांना खिडकीपाशी नेऊन म्हणाल्या, "ती निळी गाडी बघा. तिची पाटी नाशिकची हाय. इथं उभी हाय म्हणून ती संभाजीनगरची झाली का? तसं हे. डोक्यात उभं हाय, पण पासिंग फुफ्फुसाचं. औषध पासिंग बघून देतेत." आजींना पटलं. संभाजीनगर हे नाव तेव्हा कागदावर नव्हतं, पण वैजापूरकडची माणसं आधीपासून तेच म्हणायची.

अहवालाची वाट बघण्याचे दिवस वाईट होते. बाईंपेक्षा काकांसाठी जास्त. काका तीस वर्षं विडी ओढत. अंगणात बसून, सकाळ-संध्याकाळ. हॉस्पिटलातून आल्या दिवशी त्यांनी बंडल गटारात टाकलं आणि त्यानंतर ते बाईंच्या नजरेला नजर देईनात. एक दिवस दुपारी मी खाली गेले तर काका भिंतीकडं तोंड करून बसलेले आणि बाई त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसलेल्या.

"तुमच्या विडीनं झालं का मी बावीस वर्षं टेम्पो-रिक्षांचा धूर खाल्ला त्यानं झालं का उगंच झालं, ते त्या डॉक्टरलाबी माहीत नाय," बाई म्हणत होत्या. "मग तुम्हाला कुठून कळलं?"

काकांनी बाहीनं डोळे पुसले.

"विडी सोडली, लई चांगलं केलं. आता रडणंबी सोडा. मला दवाखान्यात न्यायला सोबतीला माणूस पाहिजे, रडका नको." मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "आणि ताट फिरवत जा. अर्धी भाजी राहून जाती."

तेव्हापासून काकांनी जेवताना बाईंचं ताट फिरवायचं काम कधी चुकवलं नाही. बाईंचं अर्धं जेवून झालं की ते न बोलता ताट अर्धं फिरवायचे आणि बाई पुढं जेवायच्या.

डोक्याला किरण द्यायचे म्हणजे चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला पक्का बसवतात, डोकं तसूभर हलू नये म्हणून. बऱ्याच लोकांना त्यात गुदमरतं. बाईंना नेणं-आणणं माझ्याकडं होतं, कारण त्यांच्या शिष्यांपैकी मी सगळ्यांत जवळ राहणारी. पहिल्या दिवशी त्या बाहेर आल्या तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले.

"भीती वाटली का?" मी विचारलं.

"वाटली," त्या म्हणाल्या. "मग मी मनात गाडी काढली. इथून निघून वैजापूरला चालले होते. माळीवाड्यापातूर गेले तेवढ्यात त्यांनी सोडलं."

दुसऱ्या दिवशी लासूरपर्यंत गेल्या. पुढं पुढं तर तिथली पोरगी मुखवटा बांधतानाच विचारायची, "आज्जी, आज कुठवर?"

या सगळ्यात नसरीनची चाचणी तोंडावर आली होती. ती येऊन म्हणाली, "आपा, मैं बाद में देती. तुम अच्छे हो जाओ पहले."

"मेरे अच्छे होने का भरोसा नै," बाई म्हणाल्या. "तेरे पास होने का है. तू कल सात बजे आ."

बाईंनी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, गायकवाडमामा, शोधून आणले. शिकवायचा कागद त्यांच्याकडं होता. ते डाव्या सीटवर बसायचे आणि त्यांना बजावलेलं होतं की ब्रेक सोडून कशालाही पाय लावायचा नाही आणि तोंड तर उघडायचंच नाही. बाई मागच्या सीटवर. औषधांनी चेहरा सुजलेला, डोक्याला रुमाल. जरा जरा वेळानं मान पूर्ण डावीकडं वळवून बघायच्या. डावी बाजू आपोआप दिसत नाही, तर मुद्दाम बघायची, अशी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती. किती वेळानं वळायचं ते ठरवून घेतलं होतं. नसरीनला त्या म्हणाल्या, "मेरे कू अब नै दिखता बाएँ. तेरे कू दिखता. तो बोलते जा. बाएँ क्या है?"

आणि नसरीन बोलत जायची. बाएँ सायकल. बाएँ कुत्ता. बाएँ औरत, हाथ में थैला. तीन आठवडे ती हे मोठ्यानं बोलत शहरभर फिरली. तिची भीती त्यातच कधीतरी गेली. बोलणाऱ्या माणसाला घाबरायला वेळ कुठला.

ती पास झाली त्याच आठवड्यात मुंबईचा अहवाल आला. गोळी चालणार होती.

त्या गोळीनं बाईंना सव्वादोन वर्षं दिली. पहिल्या तीन महिन्यांतच फोटोत डोक्यातल्या गाठी आटल्या, छातीतली निम्म्याहून कमी झाली. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले. बाईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि काकांना म्हणाल्या, "लिहून घ्या." गोळीनं चेहऱ्यावर पुटकुळ्या उठायच्या, पोट बिघडायचं, नखांच्या कडा चिरायच्या. त्या बोटांना खोबरेल लावून बसायच्या. डावी बाजू थोडी उजळली, पूर्ण आली नाही.

शिकवणी मात्र बंद पडली नाही. नसरीन सकाळ-दुपार शाळेची व्हॅन चालवायची आणि मधल्या वेळात बाईंच्या हाताखाली शिकवायला शिकायची. पुढं तिनं रीतसर त्याची परवानगीही काढली. फाटकावरची पाटी तीच राहिली.

एकदा फक्त मी बाईंना ढळलेलं बघितलं. त्या वेळी तब्येत उत्तम होती, वजन वाढलं होतं. भर दुपारी मी वरून खिडकीतून बघितलं तर बाई अंगणात उभ्या गाडीत बसल्या होत्या, चालकाच्या सीटवर. काचा बंद. किल्ली नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि त्या रडत होत्या. मी खाली गेले नाही. संध्याकाळी त्या काकांना म्हणाल्या, मला वर ऐकू आलं, "आता दिसायलंय मला. परवाना द्या. नुसती रेल्वे स्टेशनपातूर जाऊन येते."

काका म्हणाले, "नाही."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि काकांनी त्यांना कधी नाही म्हटलेलं कुणाला माहीत नव्हतं.

"पेटीची किल्ली कुठं हाय?"

"सांगणार नाही. तूच सांगितलंस, मागितलं तरी द्यायचं नाही."

मग भांड्यांचा आवाज आला आणि बाईंनी मला हाक मारली, "वसू, थालीपीठ लावायले. खाली ये." मी गेले तेव्हा डोळे लाल होते, पण त्या काकांना पहिलं थालीपीठ वाढत होत्या, लोण्याचा मोठा गोळा घालून.

दुखणं परत आलं ते पुन्हा डोक्यातच. चालताना डावा पाय ओढायला लागला, शब्द सापडायला वेळ लागू लागला. गोळी बदलून बघितली. मग डॉक्टरांनी पुन्हा एकदा पूर्ण डोक्याला किरण द्यायचा पर्याय सांगितला. बाईंनी विचारलं, "त्यानं किती दिवस वाढतील आणि त्यातले किती दिवस मी शुद्धीत राहीन?" डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. बाई दोन दिवस विचार करून म्हणाल्या, "नको. घरी राहीन. दुखलं तर दुखायचं औषध द्या." काकांनी तेही लिहून घेतलं.

तोपर्यंत माझी लातूरला बदली झाली होती. फेब्रुवारीत काकांचा फोन आला तेव्हा मी लगेच निघाले, पोचले, सगळं झालं. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. अंगणात बायकाच बायका होत्या आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी त्यांच्या गाड्या एका ओळीत, नीट लावलेल्या होत्या, एवढं आठवतं.

त्याआधीचा जानेवारीतला एक रविवार मात्र मला मिनिटामिनिटानं आठवतो. बाईंनी निरोप पाठवला होता की भावाच्या शेतात ज्वारी हुरड्याला आलीय, तू ये, आपण जाऊ. नसरीन चालवत होती. बाई पुढं डावीकडं, उशांचा आधार देऊन बसवलेल्या. मागं काका आणि मी. रस्ताभर त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत. शेतात भावानं बाज टाकून ठेवली होती, आगटीत कणसं भाजत होती. भावजय गरम कणसं हातावर चोळून दाणे बाईंच्या तळहातावर ठेवायची. त्यांनी चार-पाच दाणे लसणाच्या चटणीला लावून खाल्ले, फार सावकाश, प्रत्येक दाणा चावून. मग उन्हात तोंड करून झोपल्या. तासभर झोपल्या. आम्ही सगळे त्यांच्या भोवती हळू आवाजात बोलत बसलो. नसरीनच्या मुलींनी पाठवलेला शिरखुर्मा तिनं डब्यातून आणला होता, तो उठल्यावर दोन चमचे घेतला आणि म्हणाल्या, "गोड लई केलंय. पोरींना सांग, चांगला झालाय."

परत येताना मला लातूरची बस धरायची होती म्हणून गाडी बस स्टँडवरून घेतली. ऊन कलायला लागलं होतं, स्टँडबाहेर नेहमीची गर्दी. मी काकांचा निरोप घेतला, नसरीनला सांभाळून जा म्हटलं, बाईंच्या खांद्यावर मागूनच हात ठेवला. त्यांनी तो आपल्या हातानं दाबला. मी घाईनं उतरले, दार लोटलं आणि बॅग उचलून चालायला लागले.

मागून पुढच्या दाराची काच खाली आल्याचा आवाज आला.

"वसू."

मी परत गेले. बाई समोरच बघत होत्या. मान वळवणं त्यांना आता जमत नव्हतं. शब्द एक एक करून आले. "मागचं दार. नीट लागलं नाय."

मी बघितलं. खरंच, दार अर्धवट लागलं होतं. मी ते उघडलं आणि पुन्हा लावलं, जोर देऊन. बाईंनी आवाज ऐकला.

"आता लागलं," त्या म्हणाल्या. "जा. तुझी बस लागली असंल."

काच वर गेली. नसरीननं आरशात बघितलं, हात दाखवून एका रिक्षाला थांबवलं आणि गाडी रस्त्याला लागली.